फाटकाच्या कुलपाविषयी दोन शब्द

रविवार, चार मे दोन हजार तीन, सकाळी पावणेसात.

ही वेळ आधी सांगितली, नमस्कार आता करते. कुणाला वाटेल बाईंचा क्रम चुकला. चुकलेला नाही.

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक आदरणीय हरेश्वर म्हात्रे सर. आजचे सत्कारमूर्ती श्री. आत्माराम सामंत आणि सौ. सामंतवहिनी, व्यासपीठावर बसलेले त्यांचे पुतणे चिरंजीव परेश, सूत्रसंचालन करणारी आमची उन्नती, सोनचाफा सहकारी गृहनिर्माण संस्थेचे सर्व सभासद बंधुभगिनी, आणि सर्वांत मागे, मी खुर्ची धरून ठेवली असतानाही मांडवाच्या खांबाला टेकून उभ्या असलेल्या, आपल्या शेजारी जुलियानाबाई. आपणा सर्वांना सरोजिनी धुरूचा नमस्कार.

जुलियानाबाईंना आजचं निमंत्रण नव्हतं. त्या माझ्या पाहुण्या म्हणून आल्या आहेत. परेश, मान वळवून काकांच्या कानात बोलू नकोस. माझं बोलणं ऐकण्यासारखं आहे, आणि काकांना ते नीट ऐकू गेलं पाहिजे.

पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘दोन शब्द’ छापलंय. इमारतीतली सर्वांत ज्येष्ठ सभासद म्हणून मला हा मान दिला. मी तो घेतला, कारण गेले तीन आठवडे मी सामंतांना एक प्रश्न विचारते आहे आणि दर वेळी त्यांना कुठेतरी जायचं असतं. आज ते कुठेही जाऊ शकत नाहीत. गळ्यात हार आहे, मांडीवर नारळ आहे, समोर फोटोग्राफर आहे.

चांगलं ते आधी सांगते. चांगलं सांगितल्याशिवाय वाईट सांगायचं नाही, ही शिस्त मला शाळेत सिस्टर रोझमेरींनी लावली. सामंतांनी पंपाच्या वेळा लावल्या. त्याआधी या इमारतीत पाण्यासाठी काय व्हायचं, ते जुन्या लोकांना आठवत असेल. वरच्या मजल्यावरचे खालच्यांना शिव्या द्यायचे, खालचे नळ उघडे ठेवून झोपायचे. सामंत म्हणाले, सकाळी सहा आणि संध्याकाळी सात. कुणी विचारलं, सहाच का, साडेसहा का नाही? ते म्हणाले, साडेसहाही चाललं असतं, पण काहीतरी एक ठरायला हवं. बरोबर बोलले. दहा जणांनी दहा वेळा बरोबर असण्यापेक्षा एकाने एक वेळ ठरवावी आणि सगळ्यांनी ती पाळावी, यात सगळ्यांचंच भलं असतं. कुणाचंही ऐकायचं असतं ते याचसाठी. मी ऐकलं. आजही ऐकते. संस्थेच्या पैशाबद्दलही माझी एका शब्दाची तक्रार नाही.

पण पंपाचं बटण ज्याच्या हातात दिलं, त्याच्या हातात आपण आणखी काय काय दिलं? कुणी दिलं? केव्हा दिलं?

पंपानंतर शिट्टी आली. मुलांनी आवारात कोणत्या कोपऱ्यात खेळायचं, ते शिट्टीवर ठरू लागलं. मग गॅलरीत चादरी वाळत घालायच्या नाहीत. मग पाहुण्यांनी वॉचमनकडे नाव सांगून वर जायचं. माझी सख्खी बहीण अर्नाळ्याहून ताजी मासळी घेऊन आली, तर तिला खाली उभं करून विचारलं, कोणाकडे, कशासाठी. ती म्हणाली, तुरुंगात भेटायला आल्यासारखं वाटलं गं. फळ्यावर सूचना लागायची आणि खाली एकच शब्द असायचा: ‘हुकुमावरून’. मी एकदा खाली खडूने लिहिलं, ‘कोणाच्या?’ वॉचमनने ते पुसलं. उत्तर कुणी लिहिलं नाही.

आता चार मेची सकाळ.

आपल्यातले निम्मे लोक नवे आहेत, म्हणून आधी विहिरीबद्दल सांगते. आपली ही इमारत उभी आहे ती जुलियानाबाईंच्या भावाच्या वाडीत. गॅब्रिएलनी बारा वर्षांपूर्वी वाडी बिल्डरला दिली. बाईंचं घर आणि मोगऱ्याचा तुकडा मागे राहिला, विहीर आपल्या कुंपणाच्या आत आली. गॅब्रिएल आता नाहीत. पण त्यांनी तेव्हा शब्द घेतला होता की विहीर राहील आणि विहिरीची वाट राहील. म्हणून मागच्या भिंतीत ते लहान फाटक आहे. त्याला कडी होती. कुलूप कधीच नव्हतं. मागच्या आळीतली पाच-सहा घरं त्या वाटेने पाण्याला येत. कायद्यात याला वहिवाट म्हणतात. मी जन्म कोर्टात काढला आहे, मला तो शब्द वापरू द्या.

त्या विहिरीचा एक रिवाज आहे. संध्याकाळी शेवटी जो पाणी काढतो, तो एक कळशी भरून काठावर ठेवून जातो. सकाळी पहिला येणारा त्या पाण्याने हात-तोंड धुतो, दोर भिजवतो आणि मग पोहरा सोडतो. काथ्याचा कोरडा दोर हाताची सालटी काढतो, म्हणून. हा नियम कुणी केला, ते जुलियानाबाईंनाही ठाऊक नाही. त्याच्या खाली सही नाही, शिक्का नाही, ‘हुकुमावरून’ नाही. मोडला तर दंड नाही. आणि मी इथे राहायला आल्यापासून एकही सकाळ काठावर कळशी नाही असं पाहिलं नाही. माझी गॅलरी बरोबर त्या विहिरीवर आहे. मी पाहते.

तर त्या रविवारी पावणेसातला मी चहा घेऊन गॅलरीत होते. जुलियानाबाई फाटकातून आत येत होत्या, हातात बादली. सामंत वाटेत उभे. त्यांचं बोलणं मी स्वतः ऐकलं, म्हणून जसंच्या तसं सांगते.

सामंत म्हणाले, “मावशी, आजपासून पाण्याला यायचं तर आधी विचारायचं.”

बाई म्हणाल्या, “कोनाला इचारू?”

“चेअरमनला.”

“तू इथं राहायला आलास, तवा मी तुला इचारलं, का आलास म्हनून?”

बस्. एवढंच. त्या हसून बोलल्या, रागाने नाही. पण खाली दोन-तीन जण पेपर घ्यायला आले होते, तेही हसले. सामंतांनी वॉचमनला हाक मारली, घरातून कुलूप आणवलं, बाईंना फाटकाबाहेर जायला सांगितलं आणि कुलूप घातलं. चावी खिशात टाकली. नऊ वाजता फळ्यावर सूचना लागली: सुरक्षेच्या कारणास्तव मागील फाटक बंद. हुकुमावरून.

सुरक्षा हा शब्द मी हसण्यावारी नेत नाही. आपल्याकडे लहान मुलं आहेत, विहीर उघडी आहे. ठीक. जुलियानाबाईंचा मुलगा बेसिल वेल्डिंगचं काम करतो. तो दुसऱ्या दिवशी माप घेण्याचा टेप घेऊन आला. म्हणाला, साहेब, मी विहिरीवर लोखंडी जाळी बसवून देतो, पोहऱ्यापुरतं झाकण ठेवतो, तुमचा काही त्रास नाही. सुरक्षा हवी असती तर प्रश्न तिथे संपला होता. सामंत काय म्हणाले? म्हणाले, आधी तुझ्या आईला माझ्याकडे येऊन परवानगी मागायला सांग, जाळीचं मग बघू.

म्हणजे कुलूप मुलांसाठी नव्हतं. एका बाईने विचारलं नाही, आणि चार माणसं हसली, त्यासाठी होतं.

उन्नती, तुझी चिठ्ठी मिळाली. ‘आजी, वेळ संपली.’ अक्षर छान आहे. खाली बस, बाळ.

त्या दिवशी मला वाटलं, सामंत चुकीचं वागले, पण चेअरमन आहेत, तेव्हा रीतसर तक्रार करू. तक्रार लिहायला बसले. ‘आपण अमुक तारखेच्या सभेत निवडून आलेले अध्यक्ष या नात्याने’ असं लिहिलं आणि तारखेची जागा मोकळी सोडली. ती भरायला मी शेजारी विनयाताईंकडे गेले. त्या म्हणाल्या, अहो, मी त्या दिवशी ड्यूटीवर होते, वरच्या विनीला विचारा. विनी म्हणाली, आम्ही गावाला होतो, पण मिटिंग झाली होती बहुतेक, मिस्टर सांगत होते. मिस्टर म्हणाले, आपली सेकंड शिफ्ट होती, पण तुम्ही होतात ना, धुरूताई? मी नव्हते. तेव्हा माझी नोकरी होती; सकाळी सातला घर सोडायचं, रात्री आठला परत. मलाही इतकी वर्षं वाटत होतं की मिटिंग झाली, आणि मी नव्हते.

मी तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सगळी दारं वाजवली. या इमारतीत एकही माणूस असा नाही ज्याने आत्माराम सामंतांना निवडलं. एकही माणूस असा नाही ज्याला वाटत नव्हतं की बाकीच्यांनी निवडलं.

हसू नका. जे आमच्यासारखे पहाटे घर सोडतात आणि अंधारात परततात, त्यांच्या इमारतीतच हे होऊ शकतं. गावात झालं नसतं. गावात कोण कोणाला काय म्हणालं, हे ओट्यावर बसलेल्या म्हातारीला ठाऊक असतं. आपल्याकडे ओटाही नाही आणि दुपारची म्हातारीही नाही.

मग हे झालं कसं? तेही आता कळलंय. आपले पहिले चेअरमन एरॉल घोन्सालविस सत्त्याण्णव सालच्या जुलैत आखातात नोकरीला गेले. पुढच्याच महिन्यात पंधरा ऑगस्ट. स्वातंत्र्याची पन्नास वर्षं, म्हणून आवारात झेंडावंदन. दोरीची गाठ कुणाला मारता येईना. पोरांनी मारली ती अर्ध्यावर अडकली. सामंत होमगार्डमध्ये होते. ते पुढे झाले, गाठ सोडवली, पुन्हा मारली, झेंडा वर नेला, फुलं पडली. टाळ्या झाल्या. आणि पेढ्याचं ताट फिरवणारा कुणीतरी म्हणाला, “चेअरमनसाहेब, आधी तुम्ही घ्या.” कोण म्हणालं ते कुणाला आठवत नाही. साहेबांनी पेढा घेतला.

देश स्वतंत्र झाल्याला पन्नास वर्षं झाली, त्याच सकाळी आपण एका गाठीवर एक राजा करून ठेवला.

मी हे सामंतांना सांगितलं. जिन्यात. ते म्हणाले, सहा वर्षांत कुणी हरकत घेतली नाही, म्हणजे सगळ्यांची संमती आहे. मला या मुद्द्याला उत्तर द्यायचं आहे, कारण तो साधा मुद्दा नाही. मोठमोठ्या राज्यांचा कारभार याच मुद्द्यावर चालतो. पण सामंत, गप्प बसणं ही संमती केव्हा होते? जेव्हा गप्प बसणाऱ्याला ठाऊक असतं की आपल्याला ‘नाही’ म्हणता येतं, तेव्हा. इथे प्रत्येकाला वाटत होतं की विचारून झालं, मोजून झालं, आपण तेवढे हजर नव्हतो. जो प्रश्न विचारलाच नाही, त्याला दिलेलं मौन हे उत्तर नसतं.

मग ते म्हणाले, कुणीतरी करायला हवं होतं ना? हवं होतं. तुम्ही केलंत. त्याबद्दल ही शाल आहे, हा नारळ आहे, मी स्वतः या शालीची वर्गणी दिली आहे. काम केल्याने आभार मिळतात, सामंत. दुसऱ्याच्या वाटेवर कुलूप घालण्याचा हक्क मिळत नाही.

हा हक्क म्हणजे काय चीज आहे, ते मला एका बेलिफाने शिकवलं. मी मुंबईच्या कोर्टात बेंच क्लार्क होते. आमच्याकडे एक बेलिफ होते, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. शरीराने असे की पंखा मोठा केला तर धरून बसावं लागेल. ते एकदा एका खोलीचा ताबा घ्यायला गेले. भाडेकरू पैलवानासारखा. पण खटला हरला होता, मन मोडलं होतं, सामान बांधून बसला होता. म्हणाला, या साहेब, ही चावी घ्या. अण्णांनी पिशवीत हात घातला, आणि त्यांच्या लक्षात आलं की वॉरंट टेबलावर राहिलं. ते म्हणाले, आज ताबा घेता येणार नाही, सामान सोडा, चूल पेटवा, मी उद्या येतो. तो माणूस म्हणाला, अहो, मी देतोय ना! अण्णा म्हणाले, तुम्ही देताय, पण मला घेता येत नाही.

कोर्टात सगळे त्यांना हसले. मी पण तेव्हा हसले असेन. पण आज सांगते, एवढ्या वर्षांत मी पाहिलेला खरा अधिकार तोच. समोरचा वाकलेला असताना जो माणूस म्हणतो की माझ्याकडे हक्क नाही, मी हात लावणार नाही, त्याच्या हातात उद्या कागद असला की पैलवानसुद्धा बाजूला होतो. आणि ज्याला चावी मिळाली म्हणजे हक्क मिळाला असं वाटतं, तो फक्त चावीवाला.

आमच्या सिस्टर रोझमेरींचा नियम होता, व्हरांड्यात बोलायचं नाही. एके दिवशी त्या स्वतःच व्हरांड्यात कुणालातरी हाक मारून बसल्या. आम्ही मुली एकमेकींकडे बघतोय. सिस्टर थांबल्या, जिथे आम्हाला उभं करायच्या त्या कोपऱ्यात गेल्या आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. तास संपेपर्यंत. त्या दिवसानंतर त्यांना छडी उचलावी लागली नाही. सामंत, तुमच्या गॅलरीत चादरी वाळतात, ते सगळ्यांना दिसतं.

आता मी सभागृहाला एक विनंती करते, आणि अध्यक्षमहाराज, तुमच्या परवानगीने करते. तुमचा अधिकार मला मान्य आहे; तुम्हाला आजच्यापुरतं अध्यक्ष करावं, ही सूचना मघाशी सर्वांसमोर मांडली गेली आणि तिला अनुमोदन मिळालं, ते मी कान देऊन ऐकलं. ज्यांनी सामंतांना अध्यक्ष म्हणून निवडलं, मत दिलं, सभेत हजर होते, त्यांनी कृपया हात वर करावा.

मी थांबते.

परेश, हात खाली घे. तू तेव्हा पुण्याला कॉलेजात होतास, आणि आजही तुझ्या नावावर इथे फ्लॅट नाही.

कुणीच नाही. धन्यवाद. वहिनी, तुम्हीसुद्धा नाही. तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल तुम्हाला वेगळा नमस्कार.

मित्रहो, मी हे आज का बोलले, उद्या का नाही? त्या टेबलावरच्या तबकाकडे बघा. श्रीफळाशेजारी चाव्यांचा जुडगा ठेवलाय, त्याला लाल रिबीन बांधली आहे. कार्यक्रमपत्रिकेत पुढचा क्रम आहे ‘सूत्रं सुपूर्द करणं’. सामंत पुण्याला मुलाकडे चाललेत, आणि जाताना तो जुडगा परेशच्या हातात देणार आहेत. त्यात पंपाची चावी आहे, गच्चीची आहे आणि मागच्या फाटकाची आहे. जे यांचं नव्हतं, ते हे पुतण्याला देणार, आणि आपण टाळ्या वाजवणार. टाळ्या वाजल्या की झालं. पुढच्या सहा वर्षांनी कुणीतरी म्हणेल, तेव्हा समारंभ झाला होता, सगळे हजर होते. आणि या वेळी ते खरं असेल. म्हणून सांगते, त्या वेळी हात मांडीवर ठेवा. एवढीच कृती मी तुमच्याकडून मागते.

जुलियानाबाईंचा मोगरा ऐन बहरात होता. मे महिना म्हणजे त्यांच्या वर्षाची कमाई. तीन आठवडे त्या रस्त्यापलीकडच्या नळावरून पाणी वाहताहेत, या वयात, या उन्हात. निम्मी रोपं गेली. उरलेली आणखी आठवडाभर तग धरतील, असं त्या म्हणतात. मी म्हटलं, दोन शब्द बोलायला माझ्यासोबत व्यासपीठावर या. त्या म्हणाल्या, “बोलून काय करू? मला पानी पायजे.” एवढंच मागणं आहे. ते मागण्यासाठी कुणाच्या दारात उभं राहायची त्यांना गरज नाही.

बेसिल मला म्हणाला होता, आंटी, कुलूप दोन मिनिटांचं काम आहे, हातोडी आणतो. मी नको म्हटलं. तबकातला तो जुडगा माझ्या हातापासून दीड हातावर आहे, तोही मी उचलणार नाही. हातोडीने उघडलेलं फाटक, ज्याची हातोडी मोठी त्याचं होतं. सामंतांनी जे केलं ते मी केलं, तर आमच्यात फरक फक्त चादरींचा उरेल.

तेव्हा, श्री. आत्माराम सामंत, माझा प्रश्न एकच आहे आणि त्याचं उत्तर मला लेखी हवं आहे. मागचं फाटक तुम्ही कोणत्या अधिकाराने बंद केलंत? अधिकार असेल तर तो कोणी आणि केव्हा दिला, ते लिहा. नसेल तर ‘नव्हता’ एवढा एक शब्द लिहा, आणि स्वतःच्या हाताने कुलूप काढा. मुदत शुक्रवार, तीस मे, संध्याकाळी सहा. तुमचा ट्रक शनिवारी निघणार आहे, म्हणून शुक्रवार. मुदत उलटली तर सोमवारी, दोन जूनला, मी आणि जुलियानाबाई वसईच्या वकिलाकडे जाऊ. ही धमकी नाही, माहिती आहे. रिक्षा ठरवून ठेवली आहे. आणि फाटक उघडून मागे वळलात, की विहिरीच्या काठावर बघा. तीन मेच्या संध्याकाळी शेवटचं पाणी जुलियानाबाईंनी काढलं होतं. त्यांनी रिवाजाप्रमाणे भरून ठेवलेली कळशी अजून तिथेच आहे. मला रोज गॅलरीतून दिसते. त्यातलं पाणी कधीच आटलं. ती भरा आणि मग पुण्याला जा. दोर कुठे आहे, ते बाई दाखवतील.

अध्यक्षमहाराज, तुम्ही मला मध्ये थांबवलं नाहीत, त्याबद्दल तुमची ऋणी आहे. उन्नती, तुझ्या तिन्ही चिठ्ठ्या मी जपून ठेवीन. माझ्या बोलण्यात कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर पदरात घ्या; पण जे राखायचंच नव्हतं ते राहिलं म्हणून रागावू नका.

उत्तर बी विंग, पहिला मजला, धुरू, या पत्त्यावर द्यावं. दाराखालून सरकवलं तरी चालेल. सहीखाली फक्त नाव लिहा, सामंत. ‘अध्यक्ष’ लिहिलंत, तर उत्तर मिळालं असं मी धरणार नाही.